संकल्प, लोकलाज आणि आचार



मनुष्याच्या मनात एक असते आणि हातून दुसरेच घडते. असे का होते, हा या महिन्याच्या पाठाचा विषय आहे. विषय निघाला तो गिरड येथे, म्हणून आरंभही तेथूनच करितो.

गिरड हे वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गाव. गावाजवळ टेकडी आहे आणि टेकडीवर शेख फरीद बाबांचा दर्गा आहे. या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्र सांगते की ते झिओलाइट जातीच्या खनिजाचे गोळे आहेत. लोककथा निराळे सांगते. दोन फिरस्त्या बंजारी व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली, तेव्हा त्यांच्या मालातील नारळ आणि इतर जिन्नस दगड होऊन गेले. पुढे ते शरण आले आणि जन्मभर त्याच्या सेवेस राहिले. हिंदु असो, मुसलमान असो, आसपासचा मुलूख या टेकडीवर चढतो. गळ्यात तुळशीची माळ असलेला वारकरीसुद्धा चढतो. त्याला कोणी पोथी उघडून तसे शिकविलेले नसते. आजा चढला, बाप चढला, शेजारी चढतात, म्हणून तोही चढतो. लोकरीत म्हणतात ती ही. ती तोंडाने शिकवीत नाही, पायाने शिकविते. आणि ती सदाच वाईट असते असे नाही, हे आधीच सांगून ठेवितो. कारण पुढे तिच्याविषयी थोडे कठोर बोलावयाचे आहे.

तर या गावी आमचे कीर्तन झाले. उत्तररंगात आम्ही कर्ज काढून केलेल्या जेवणावळींचा विषय घेतला. लोकांनी माना डोलाविल्या, टाळ्याही झाल्या. कीर्तन संपून आरती झाली, आणि मंडप रिकामा होऊ लागला, तेव्हा बाहेर कडेला उभा असलेला एक मनुष्य पुढे आला. पन्नाशीचा, कोरडवाहू शेती करणारा. सुतक असल्यामुळे तो मंडपात आला नव्हता, लांबूनच ऐकत होता. म्हणाला, "महाराज, तुमचं बोलनं पटलं मले. बाप गेला माहा, पाच दिवस झाले. तेरवीले पाच-सहाशे मानूस जेवाले सांगा लागते. सोयाबीन पान्यानं गेलं. मन त नाही म्हनते. पन तेरवी नाही केली, त लोकं काय म्हनतीन?"

आमच्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. तासभर आम्ही जे सांगितले होते ते त्याला आधीपासूनच ठाऊक होते. त्याचा प्रश्न त्याच्या पुढचा होता. पटले आहे, तरी हातून होत नाही. मग काय करावे? कीर्तनकाराने विचार करावा असाच तो प्रश्न होता, आणि तो घेऊनच आम्ही घरी परतलो.

शास्त्र काय सांगते

लहानपणी गुरुजींजवळ आम्ही न्यायशास्त्र शिकलो. त्यात एक साखळी पाठ करून घेत असत. आधी ज्ञान, ज्ञानातून इच्छा, इच्छेतून प्रयत्न, आणि प्रयत्नातून शरीराची हालचाल. परंतु कोणतेही ज्ञान मनुष्याला हलवीत नाही. सूर्य उगवला हे कळले म्हणून कोणी उठत नाही. मग कोणते ज्ञान हलविते? विश्वनाथ पंचाननांच्या न्यायसिद्धांतमुक्तावलीत याचा विचार आहे, आणि तेथे तीन गोष्टी सांगितल्या आहेत.

पहिली इष्टसाधनता. म्हणजे, ही गोष्ट केल्याने माझे भले होईल, असे वाटणे. दुसरी कृतिसाध्यता. म्हणजे, ही गोष्ट माझ्याच्याने होण्यासारखी आहे, असे वाटणे. आकाशातला चंद्र हातात आला तर कोणाला नको आहे? पण तो आणावयास कोणी निघत नाही, कारण तो आपल्याच्याने येणारा नाही हे आपण जाणतो. तिसरी अट जरा लांब नावाची आहे, बलवदनिष्टाननुबंधित्व. नाव ऐकून वाचकांनी घाबरू नये. अर्थ एवढाच की, या कामाच्या पाठोपाठ त्याहून मोठे संकट येणार नाही, असे वाटणे. याला शास्त्रकार मध आणि विष घातलेल्या अन्नाचा दृष्टांत देतात. अन्न गोड आहे, भूकही लागली आहे, ताट पुढ्यात आहे. तरी शहाणा घास उचलीत नाही, कारण गोडीच्या मागे मरण उभे आहे.

हे तीन धागे एकत्र आले म्हणजे मनुष्य हलतो. एक तुटला की बसल्या जागी बसून राहतो.

गंमत अशी की अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनीही याच्या जवळ जाणारी मांडणी केली आहे. मार्टिन फिशबाईन आणि आयसेक आयझेन या दोन अभ्यासकांनी १९७५ साली, आणि पुढे एकट्या आयझेन यांनी १९९१ साली ती सविस्तर मांडली. ते म्हणतात, मनुष्याच्या वागण्याच्या अगदी जवळचे कारण म्हणजे त्याचा संकल्प. आणि संकल्प तीन गोष्टींवर उभा राहतो. त्या कामाविषयी त्याचा स्वतःचा भाव कसा आहे, ही एक. ज्यांना तो मानतो त्यांना ते काम रुचेल की नाही, असे त्याला काय वाटते, ही दुसरी. आणि ते काम आपल्या आवाक्यातले आहे असे त्याला वाटते की नाही, ही तिसरी. पहिली गोष्ट म्हणजे आमची इष्टसाधनता, तिसरी म्हणजे कृतिसाध्यता. मधली जी लोकांची गोष्ट आहे, ती आमच्या शास्त्राच्या तिसऱ्या अटीत बसते. कारण माणसांत राहणाऱ्या मनुष्याला चार लोकांनी वाळीत टाकणे याहून मोठे अनिष्ट क्वचितच दुसरे वाटते. दोन्ही मांडण्या अक्षरशः एकच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण दोन दिव्यांनी एकच खोली पाहिली म्हणजे कोपरे अधिक स्पष्ट दिसतात.

आता गिरडच्या त्या शेतकऱ्याकडे या दिव्याने पाहू. त्याचा भाव स्वच्छ होता. जेवणावळ नको, असे त्याचे मनच म्हणत होते. आवाका म्हणाल, तर जेवणावळ न करणे यापरते सोपे काय असणार? त्याला ना पैसा लागतो, ना माणूसबळ. म्हणजे दोन धागे शाबूत होते. तुटत होता तो तिसरा. गोड घासामागे त्याला विष दिसत होते, आणि त्या विषाचे नाव होते, लोक काय म्हणतील.

आम्ही कीर्तनात काय केले होते? जो धागा तुटलाच नव्हता त्यालाच तासभर पीळ घातला होता.

आमची स्वतःची गोष्ट

दुसऱ्याचे सांगण्याआधी आपले सांगावे, म्हणून लिहितो. लिहिताना संकोच होतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री निवर्तल्या. जन्मभर त्यांनी एक वेळचे उरलेले दुसऱ्या वेळी खाल्ले, पण अन्न टाकले नाही. जाण्यापूर्वी त्या म्हणाल्या होत्या, "माझ्यामागे उगाच पंगती उठवू नका." त्याच वर्षी आम्ही दोन-तीन गावी तेरवीच्या खर्चावर कीर्तन केले होते. स्मृतिग्रंथांत पितृकार्याला मोजके दोन-तीन ब्राह्मण सांगावे, श्रीमंतानेही विस्तार करू नये, असे स्पष्ट आहे, हे आम्ही श्रोत्यांना सांगत होतो. श्राद्ध ही श्रद्धेची गोष्ट आहे आणि जेवणावळ ही लोकाचाराची, हा भेदही समजावून देत होतो.

आणि घरी काय केले? वडील बंधू म्हणाले, "कीर्तनकाराच्या घरी पंगत नाही म्हटल्यावर पंचक्रोशी हसेल." एवढे एकच वाक्य. आम्ही वाद घातला नाही. सातशे पान उठले. बुंदी झाली, दोन भाज्या झाल्या, मंडप झाला. त्या खर्चापायी आमची दोन हंगामांची बिदागी गेली, वर उसनवारी झाली. आईचा शब्द मोडला तो वेगळाच.

खरा चटका पुढेच बसला. तेरवीला महिना झाला असेल. आमच्या दिंडीतले तीन गृहस्थ, निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या ठिकाणी, आम्हांला एकच गोष्ट बोलले. "महाराज, तुम्ही तरी नाही म्हणाल अशी आस होती. तुम्ही नाही म्हटले असते, तर आम्हांलाही आमच्या घरी नाही म्हणता आले असते."

आम्ही त्यांना भिऊन पंगत घातली, आणि ते आमची वाट पाहत होते.

सर्वांचा एकच गैरसमज

हे आमच्या एकट्याच्या वाट्याला आले असे नाही. अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर या दोघांनी विद्यार्थ्यांच्या मद्यपानाचा अभ्यास केला आणि तो १९९३ साली प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले. इथल्या पिण्याच्या चालीविषयी तुला स्वतःला काय वाटते? आणि इथल्या सामान्य विद्यार्थ्याला काय वाटत असेल? उत्तरे पाहिली तर जो तो म्हणे, मला मनातून अवघडल्यासारखे होते, पण बाकीच्यांना तसे वाटत नसावे. बाकीचे म्हणजे कोण? तेही हेच म्हणणारे. प्रत्येकजण आपली नाराजी पोटात ठेवून दुसऱ्याच्या हसऱ्या तोंडाकडे पाहत होता, आणि त्या हसऱ्या तोंडावरून लोकमत ठरवीत होता. कोणालाच फारशी न आवडणारी चाल सर्वांच्या गप्प बसण्यावर चालत राहते, ती अशी.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम गिरडला परत गेलो. शेतकऱ्याला काही न बोलता गावातल्या चार वडीलधाऱ्या मंडळींना एकेकटे गाठले. कोणी ओट्यावर, कोणी शेताच्या धुऱ्यावर. विचारले, "बाबा, तेरवीची मोठी पंगत तुम्हांला मनापासून आवडते काय?" पहिला म्हणाला, "मले नाही आवडत, पन लोकायले पायजे." दुसऱ्याने तेच सांगितले. तिसऱ्याने तेच. चौथी एक म्हातारी होती. ती म्हणाली, "माह्या मालकाच्या तेरवीचं कर्ज माह्या पोरानं सहा वर्सं फेडलं. मी कायले म्हनू पायजे म्हनून? पन आपन बाया, आपलं कोन आयकते?"

मग ज्या लोकांना ती पंगत पाहिजे होती, ते लोक होते तरी कुठे? गावात धुंडून आम्हांला ते सापडेनात. नसतीलच असे नाही. हौसेने मोठेपणा मिरविणारी चार घरे प्रत्येक गावात असतात. परंतु शेतकऱ्याच्या मनात जे सहाशे लोक त्याच्याकडे बोट दाखवीत उभे होते, त्यांतील कितीतरी लोक स्वतःच कोणाच्या तरी बोटाला भीत होते.

उपनिषदांत तीन एषणा सांगितल्या आहेत, पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा. मूळ अर्थाने लोकैषणा म्हणजे परलोकांची इच्छा. व्यवहारात आपण तिचा अर्थ लोकांत नाव व्हावे ही इच्छा असा करितो. मुलाची आणि पैशाची आसक्ती निदान दिसते तरी. या तिसरीचा फास असा की ती आपण कर्तव्य म्हणून गळ्यात घालून घेतो.

कीर्तनकारांस एक सूचना

येथे आमच्या कीर्तनकार बंधूंना एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती पुन्हा दगडांचीच आहे. अमेरिकेत ॲरिझोना प्रांतात एक सरकारी उद्यान आहे. तेथे युगानुयुगे पडून दगड झालेल्या झाडांचे तुकडे विखुरलेले आहेत. पाहावयास येणारे लोक ते तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी नावाचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेविले आणि दोन तऱ्हांच्या पाट्या लाविल्या. एका पाटीवर अशा अर्थाचे होते की, पुष्कळ लोकांनी येथून दगड नेले आणि वनाचे रूप पालटले. दुसरीवर साधे होते की, कृपा करून नेऊ नका. पहिली पाटी असताना शंभर तुकड्यांमागे सुमारे आठ गेले, दुसरी असताना दोनसुद्धा पुरते गेले नाहीत. चोरीला आळा घालण्यासाठी लिहिलेल्या पाटीने चोरी वाढविली! कारण वाचणाऱ्याने त्यातून एवढेच घेतले की, सगळेच नेतात, मग मी का नको?

आता आपण व्यासपीठावरून काय बोलतो ते आठवावे. "आज जो उठतो तो कर्ज काढून लग्न करितो! घरोघर दारू शिरली आहे! कोणी आईबापांस विचारीत नाही!" श्रोते हळहळतात, आणि घरी जाताना एवढेच बरोबर नेतात की सगळीकडे असेच चालले आहे. ज्याला मोडावयाचे त्यालाच आपण लोकरीतीचा मान देऊन बसतो. त्यापेक्षा ज्या घराने साधेपणाने कार्य केले त्या घराची गोष्ट सांगावी. घरच्यांची मुभा असेल तर नावासह सांगावी. एक खरी गोष्ट दहा शिव्याशापांहून अधिक काम करिते, असा आता आमचा अनुभव आहे.

पहिले पाऊल

चालीचा धाक मोडतो तो कोणीतरी उघडपणे पहिले पाऊल टाकल्याने. आमच्या विदर्भात याचे सर्वांत जवळचे उदाहरण गाडगेबाबांचे. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. दारूपायी वडील गेले, घर उघडे पडले, आणि ते आजोळी वाढले. पुढे लग्न झाले, मुलगी झाली, आणि बारशाची वेळ आली. बिरादरीच्या चालीप्रमाणे बारशाला दारू आणि मटण झालेच पाहिजे. डेबूजींनी ते केले नाही, गोडाचे जेवण घातले. लोकांनी काय म्हटले नसेल? त्या दिवशी त्यांच्यामागे ना दिंडी होती, ना कीर्ती. १९०५ साली घर सोडून १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी गावोगाव खराट्याने आणि कीर्तनाने जे शिकविले, त्याचा पहिला पाठ त्यांनी आपल्याच अंगणात गिरविला होता. लक्षात घ्यावे, त्यांनी जेवण नाकारले नाही, जेवणाची रीत बदलली. पाहुणे उपाशी परत गेले नाहीत.

ज्याला समाजात मान आहे त्याने पाऊल टाकले तर दुसऱ्याची वाट लवकर मोकळी होते. गीतेत ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे, त्याचे मर्म हेच. १९२८ साली वर्धा शहरात जमनालाल बजाज यांनी आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुले केले. ते घराणे जातीने आणि पैशाने मातब्बर होते, तरी रोष पत्करावा लागलाच. आणि आपल्या पंढरीत? ज्या विठ्ठलाला आपण सर्वांची माउली म्हणतो, त्याच्या दाराशी आपल्याच काही बांधवांस अडविले जात होते, आणि पिढ्यानुपिढ्या आपण ते पाहत होतो. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, ते १० मेला सुटले, तेव्हा ती वाट मोकळी झाली. वारकऱ्यांच्या मनात समतेचा भाव नव्हता काय? होता, संतांनी तो शतकानुशतके पेरला होता. परंतु भाव मनात आणि रीत दारात, अशी दोन राज्ये होती. हे सांगताना वारकऱ्याने मान खाली घालावी आणि धडा घ्यावा.

एकट्याने पाऊल टाकणे कठीण जाते तेव्हा गावाने मिळून टाकावे. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला की, पती निवर्तल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. हेरवाडच्या आयाबहिणींना हे दुःख आधी कळत नव्हते असे नाही. पण एका घराने एकटे तसे करावयाचे म्हणजे निंदा; गावाने हात वर करून म्हटले म्हणजे तीच रीत.

आणि कोणी धाकदपटशाने वाळीत टाकीत असेल, जातपंचायतीच्या नावाने दंड किंवा जेवण मागत असेल, तर महाराष्ट्रात त्यावर कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा हा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्कार घालणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ही माहिती वारकऱ्याने जवळ ठेवावी. गावातल्या गरिबाला ती सांगावी.

संकल्प कसा सोडावा

आता शेवटचा मुद्दा. लोकांचा धाक गेला, भाव शुद्ध आहे, तरी पुष्कळ संकल्प हवेतच विरतात. "पुढे पाहू," "वेळ आली की साधेपणानेच करू." वेळ येते ती मात्र रडारड आणि गर्दी घेऊन येते, आणि त्या गर्दीत जुनी वाटच पायाखाली येते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली दाखवून दिले की, मी हे करीन एवढेच म्हणणाऱ्यापेक्षा, केव्हा, कुठे आणि कसे करीन हे आधी ठरविणारा मनुष्य आपला बेत अधिक वेळा तडीस नेतो.

पूजेला बसलेल्या वाचकांना यात नवल वाटू नये. हातावर पाणी घेऊन आपण जो संकल्प सोडतो त्यात काय असते? आधी देश आणि काल, मग गोत्र आणि नाव, मग नेमके कर्म. अमुक स्थळी, अमुक तिथीला, अमुक मी, अमुक करीन. चांगले व्हावे अशी नुसती इच्छा म्हणजे संकल्प, असे शास्त्राने मानलेच नाही.

आपली माळ तरी काय आहे? माळ घालताना मनुष्य दारू सोडतो, मांस सोडतो, एकादशी धरतो, वारीचा नेम करितो. भाव त्याचा असतो. पण माळ गळ्यात दिसते, म्हणून सारे गाव त्याच्या नेमाचे साक्षी होते. गुत्त्याच्या दारात गेला तर पोर हटकते, "आजोबा, माळ हाय गळ्यात!" आणि दिंडीत चालताना त्याच्या आजूबाजूला न पिणारेच असतात, तेव्हा न पिणे हीच त्याची लोकरीत होते. एकादशी पंधरवड्याला आपणहून येते, तेव्हा केव्हा आणि कसे हे विचारावे लागत नाही. भाव, लोक आणि आवाका हे तिन्ही धागे आपल्या पूर्वजांनी एका दोऱ्यात ओविले आहेत. लोकलाज ही बैलासारखी आहे. मोकाट सोडली तर उभे पीक खाते, जूं ठेविली तर तेच शेत नांगरते.

असो. गिरडला पुढे काय झाले ते सांगून पुरे करितो. त्या संध्याकाळी आम्ही त्या चौघांना एकत्र बसविले आणि प्रत्येकाने एकांतात जे सांगितले तेच सर्वांसमोर सांगण्याची विनंती केली. आधी कोणी बोलेना. शेवटी ती म्हातारी बोलली, मग बाकीचे बोलले. दिंडीच्या मंडळींनी शेतकऱ्याला शब्द दिला की, तेरवीच्या दिवशी आम्ही भजनाला येऊ आणि जेवण आपापल्या घरी करू. तू विधी कर, सोयऱ्यांपुरते वरण-भात-पोळी कर. त्याने तसे केले. भजन रात्रभर झाले. नावे ठेवणारे होते, त्यांनी नावे ठेविली. त्याचा एक मावसभाऊ आजही त्याच्याशी धड बोलत नाही. त्याच महिन्यात त्याच गावात दुसऱ्या घरी मोठी पंगत उठली, तीही आमच्या कानावर आली. परंतु त्याचे शेत गहाण पडले नाही, आणि बापाच्या आठवणीला कर्जाचा डाग लागला नाही.

वाचकांना आमची विनंती एवढीच. आपल्या दिंडीत, आपल्या भजनी मंडळात, येत्या एकादशीला हा एक प्रश्न उघड विचारावा: तेरवीची, लग्नाची मोठी पंगत आपल्यापैकी कोणाकोणाला मनापासून पाहिजे आहे? उत्तरे ऐकावीत. मग सर्वांनी मिळून ठरवावे की आपल्यात मर्यादा किती माणसांची, आणि ज्याच्या घरी प्रसंग येईल त्याच्या पाठीशी कोणी उभे राहावयाचे. ठरलेले वहीत लिहून खाली सह्या कराव्यात. वडील बंधू आणि आम्ही मिळून आमच्या घरापुरते असे लिहून ठेविले आहे. आमच्या मागे पंगत उठावयाची नाही, भजन व्हावयाचे. मुलांनी सही केली आहे. आईच्या वेळी जे झाले ते परत आणता येत नाही, म्हणून एवढे केले.

॥ रामकृष्णहरि ॥